निळे चेहरे

"ताई, आता मॉनिटर बदला," असं तो म्हणाला आणि मी फोन आपटला. म्हणजे आपटण्यासारखे फोन आता राहिलेत कुठे. बोटाने काच दाबली, एवढंच. पण जोरात दाबली.

तो म्हणजे आमचा फोटोवाला. तो लग्नाचे फोटो काढतो आणि त्या फोटोंतले चेहरे नीट करायचं काम गेली एकवीस वर्षं मी करते. आधी त्याच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून करायचे, मग आईला घरी एकटं ठेवता येईना तेव्हापासून घरून. दिव्याखाली पिवळ्या पडलेल्या नवरीला माणसात आणायचं, मामाच्या टकलावरची चमक पुसायची, असली कामं. कातडीचा रंग माझ्याइतका कुणाला साधत नाही. हे मी नाही, तोच सांगायचा सगळ्यांना. स्टुडिओत मला 'घार' म्हणायचे. आकडे बघून रंग लावणारे लोक वेगळे, मी डोळ्याने लावते. रंग मोजायचं एक यंत्र मिळतं, ते त्याने एकदा देऊ केलं होतं. मी म्हटलं, "आधी तुझ्या बायकोला विचार, भाजीत मीठ यंत्राने मोजते का?"

आणि आता हा मला सांगणार, चेहरे निळे आहेत! चाळीस फोटो परत पाठवले. म्हणे, नवरी गारठल्यासारखी दिसतेय. अल्बम शनिवारी द्यायचा होता, हातात नऊ दिवस होते. तेवढ्यात जमलं नाही तर मला दुसरीकडे बघावं लागेल, असंही म्हणाला. चाचरत म्हणाला, पण म्हणाला.

आता खरं सांगते. पोटापाण्याचं म्हणाल तर माझं एकटीचं कसंही भागतं. पण हा माणूस रोज संध्याकाळी सहाला फोन करतो. किती झाले, किती राहिले, एवढं विचारायला. मग मी त्याला फोटोंतल्या लोकांबद्दल सांगते. ह्या आत्याबाई प्रत्येक फोटोत घुसल्यात बघ. नवऱ्याच्या मित्राचं सगळं लक्ष नवरीच्या बहिणीकडे आहे. सासरा जेवणाचे फोटो सोडले तर कुठेच हसत नाही. तो ऐकतो आणि खो खो हसतो. पंधरा मिनिटं, कधी वीस. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दिवसभरात मी कुणाशी तोंड उघडून बोलते ते तेवढंच. काम गेलं की सहाचा फोन गेला. मला भीती होती ती त्याची.

मॉनिटरवर माझाही संशय होताच. कित्येक महिने सगळं पिवळट दिसत होतं. नवरीचा पांढरा पोशाख जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा दिसायचा. मी पिवळा उतरवायचे, निळा चढवायचे, तेव्हा कुठे जिवात जीव यायचा. दहा वर्षांचा मॉनिटर, थकला असेल बिचारा. त्याच्याआधी मी खोलीतला बल्ब बदलून पाहिला होता. मग पडदे धुतले, तेही पिवळटच निघाले, म्हणून साबण बदलला आणि साबणवाल्याला चार शिव्या घातल्या. माझा स्वभावच असा. चूक कुणाची ते मी आधी ठरवते, चूक काय ते नंतर बघते.

आई असती तर दिवसभर बडबडली असती. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून असायची. कामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण तोंड चालू. "अगं, हिला कावीळ झालीय का?" "हा असा बर्फात पुरल्यासारखा का दिसतोय?" मी वैतागायचे, म्हणायचे, "आई, जरा गप्प बसशील का?" आता काय, सगळं घरच गप्प आहे. तिच्या खुर्चीवर वाळलेले कपडे पडून असतात, आणि घडी घालायची तरी कुणासाठी, म्हणून मी त्यातलेच उचलून घालते.

तर मॉनिटर. अंथरूण पाहून पाय पसरायचं ठरवलं. एक आकडा पक्का केला आणि त्याच्या वर जायचं नाही अशी स्वतःलाच तंबी दिली. मग दोन दिवस बसून अभ्यास केला. चोवीस इंच पुरे. त्याच पैशात मोठा घ्यायला गेलं की पडद्याचा दर्जा खाली येतो, आणि मला चेहरे बघायचेत, सिनेमा नाही. पॅनल आयपीएस जातीचं पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यात बाजूने बघितलं तरी रंग पालटत नाही. स्वस्तातली दुसरी एक जात असते, तिच्यात मान जरा हलवली की गोरा माणूस सावळा होतो. पडदा चकचकीत नको, नाहीतर दिवसभर त्यात आपलंच तोंड दिसतं, आणि ते मी पुरेसं पाहिलंय. स्टँड वरखाली होणारा हवा, मानेसाठी. बाकी एका सेकंदात चित्र किती वेळा बदलतं वगैरे कौतुक खेळ खेळणाऱ्यांसाठी. माझी नवरी काय पळतेय थोडीच!

पेन ड्राइव्हवर दोनच गोष्टी घेतल्या. एक नुसता करडा पडदा, डाग आणि मेलेले, न पेटणारे ठिपके शोधायला. दुसरा एक फोटो, खिडकीशी बसलेल्या पांढऱ्या फ्रॉकातल्या मुलीचा. बारा वर्षांपूर्वी मी तो केला होता आणि त्यातला रंग न रंग मला पाठ आहे. त्याची छापील प्रत पिशवीत टाकली. तीही पिवळी पडल्यासारखी वाटली. म्हटलं, कागदाचं वय झालं.

पहिल्या दुकानात टाय लावलेला विक्रेता पुढे आला आणि म्हणाला, "आजी, नातवासाठी बघताय का?"

"माझ्यासाठी बघतेय. आणि आजी कुणाला म्हणतोस?"

त्याने मला लाल दिवे लुकलुकणारा एक राक्षस दाखवला. दुकानात सगळे पडदे भडक करून ठेवतात, गिऱ्हाइकाचे डोळे दिपावेत म्हणून. मी त्याला रंग साधा करायला सांगितला, तर त्याला ते बटणच सापडेना. दुसऱ्या दुकानात पेन ड्राइव्ह लावू देईनात. व्हायरस येतो म्हणे. मी म्हटलं, मग माणसं तरी आत कशाला घेता?

तिसरं दुकान एका बोळात होतं. ऑफिसं बंद पडली की तिथले मॉनिटर घेऊन, नीट करून विकणारं. दुकानदार माझ्याच वयाचा, गळ्यात मफलर, बोलणं सावकाश. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि हवा तेवढा वेळ दिला. मी करडा पडदा लावला, चारही कोपरे तपासले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. तासभर झाला तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुम्ही मॉनिटर घेताय की जावई बघताय?"

"जावई परत करता येत नाही. हा येतो ना?"

"सात दिवसांत आणा. एक शब्द विचारणार नाही."

करडा रंग किंचित पिवळसर वाटत होता, पण दुकानातली ट्यूबच जुनी असणार असं मी धरून चालले. पॅनल मनासारखं होतं, स्टँड वरखाली होत होता, सहा महिन्यांची हमी होती आणि किंमत माझ्या आकड्याच्या चांगली खाली होती. खोका घेऊन बसमध्ये बसले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. शेजारच्या बाईला म्हटलं, "मॉनिटर घेतला, स्वस्तात मिळाला." तिने खोका लागतोय म्हणून पाय आवरून घेतले आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी येऊन लावला. मुलीचा फोटो उघडला. फ्रॉक पिवळा.

मी दिव्याला दोष दिला, मग वायरला दिला, मग म्हटलं नव्या पडद्याला तापायला वेळ लागत असेल. रविवार-सोमवार जेवणाकडेही न बघता चाळीसच्या चाळीस फोटो पुन्हा केले. डोळ्यांत तेल घालून केले. एकेका गालावर दहा-दहा मिनिटं घालवली. सोमवारी दुपारी पाठवून दिले आणि सहाला फोन आला तो उचलूनच म्हटलं, "बोल आता!"

 मग तो हळूच म्हणाला, "ताई, अजून निळेच आहेत."

"मॉनिटर नवा घेतलाय मी!"

"घेतलात?" त्याचा आवाज एकदम पडला. "खरंच घेतलात? अहो... जाऊ दे. बघा शनिवारपर्यंत."

त्या दिवशी मी आत्याबाईंचं काही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. मंगळवारी सहा वाजले. सव्वासहा झाले. साडेसहाला मी फोन चार्ज आहे का बघितला. पावणेसातला आवाज बंद तर नाही ना, ते बघितलं. सात वाजता मला इतकं एकटं वाटलं की मी टीव्ही लावला आणि बातम्या देणाऱ्या बाईला मोठ्याने म्हटलं, "तुझाही चेहरा पिवळाच आहे." स्वतःचा आवाज ऐकून दचकले आणि टीव्ही बंद केला.

बुधवारी सकाळी गाडी करून खोका उचलला आणि त्या बोळातल्या दुकानात नेऊन आदळला. "हे काय गळ्यात बांधलंत माझ्या? सगळं पिवळं दिसतं!"

मफलरवाल्याने कबूल केल्याप्रमाणे एक शब्द विचारला नाही. त्याने पाच मॉनिटर ओळीने मांडले, त्यात माझाही, आणि पाचांवर त्या मुलीचा फोटो लावला. "ह्यात पिवळा कुठला?"

मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. परत आले. "पाचही."

"पाचही?"

"पाचही! तुमचा सगळा मालच तसला."

तेवढ्यात एक बाई कीबोर्ड विकत घ्यायला आली. त्याने तिला विचारलं, "ताई, ह्या मुलीचा फ्रॉक कुठल्या रंगाचा दिसतो?" ती म्हणाली, "पांढरा." कुणीतरी आपली थट्टा करतंय की काय, अशा नजरेने तिने आमच्याकडे पाहिलं. मग त्याने कागदांचं नवं कोरं पुडकं फोडलं, त्यातला एक कागद काढून भिंतीला लावला आणि मला विचारलं, "ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"क्रीम."

"आणि कागद?"

मी कागदाची कड बोटाने चाचपली. कागद आणि भिंत मला सारखेच दिसत होते.

"भिंत मागच्या महिन्यात रंगवलीय," तो अगदी हळू म्हणाला. "पांढरी शुभ्र. बाई, मला दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मोतीबिंदू. मी रोज बायकोशी भांडायचो, दूध पिवळं का देतेस म्हणून. शेवटी तिने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. मला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. पण मला नुसतं रडू येत होतं, आणि तेही डोळ्यांसाठी नाही. त्याला दूध पिवळं दिसलं तर भांडायला समोर माणूस होतं. माझं सगळं जग पिवळं झालं आणि ते मला एका दुकानात, परक्या माणसाने, कागद लावून दाखवलं.

"पैसे परत देतो," तो म्हणाला.

"कशाला? त्याचा काय दोष? मॉनिटर चांगलाच आहे."

त्याने स्वतः खोका उचलून गाडीत ठेवून दिला.

गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्यांत धरला आणि म्हणाल्या, "दोन्ही चांगलेच पिकलेत हो. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, घरात आहे कोण? त्यांनी विषय बदलला. एक डोळा येत्या मंगळवारी, दुसरा महिन्याने, ऑपरेशन सोपं असतं, घाबरू नका, सगळं सांगितलं. मग काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे केला. मी भरत गेले आणि एका रकान्यापाशी अडले. 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव.'

"सोबत कुणी नाही. मी रिक्षाने येईन."

"तसं चालत नाही. डोळ्याला पट्टी असते. सोबतचं माणूस असल्याशिवाय तारीख देता येणार नाही."

तिथेच उभं राहून भावाला फोन केला. तो दुसऱ्या गावी असतो, वाढदिवसाला न चुकता फोन करतो. म्हणाला, "अगं, ऑफिसात तपासणी आहे नेमकी मंगळवारी. पुढच्या महिन्यात ठेव ना, मग बघू." मी बरं म्हटलं. फॉर्म दुमडून पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

सहा वाजता फोन येणार नव्हता हे मला माहीत होतं, म्हणून मीच केला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. निदान चूक तरी कबूल करावी. "अरे, ऐक. मॉनिटर नाही. माझे डोळे गेलेत. मोतीबिंदू आहे."

मला वाटलं तो दचकेल. तो म्हणाला, "माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"म्हणजे मोतीबिंदू आहे हे नव्हतं माहीत. पण डोळ्यांचं काहीतरी आहे हे कळत होतं. दीड वर्ष झालं." तो अडखळत बोलत होता. "तुमच्याकडून फोटो आले की मी ते परत नीट करायचो. आधी थोडेच असायचे. आता सगळेच्या सगळे असतात, माझ्याच्याने होत नाही. डोळे म्हणायची हिंमत झाली नाही हो. म्हणून मॉनिटर म्हणालो. तुम्ही खरंच जाऊन विकत घ्याल असं वाटलं नव्हतं. मग फोन करायलाही तोंड राहिलं नाही."

माझ्या कानशिलात कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. दीड वर्ष! त्या दीड वर्षात मी शेकडो चेहरे केले होते. त्यांतले माझ्या हातचे म्हणून किती कुणाच्या घरी पोचले, देव जाणे. मी इथे बसून एकेका गालासाठी जीव काढत होते आणि तिकडे हा ते सगळं पुसून टाकत होता.

"म्हणजे कीव केलीस माझी," मी म्हटलं.

"कीव नाही, ताई..."

मी काच दाबली. घरभर फिरले. मेल्याला काय काय बोलायचं ते ठरवलं, वाक्यं जुळवली, तोंडावर फेकायला एक फार सुंदर शिवी सुचली. आणि मग लक्षात आलं की आज माझ्या बाबतीत एवढं मोठं काहीतरी घडलंय आणि ते सांगायला मला जगात एकच माणूस आहे, आणि तो हाच. मी खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला.

"फॉर्मवर तुझं नाव लिहितेय," मी म्हटलं. "सोबतचं माणूस म्हणून. मंगळवारी सकाळी साडेसात. उशीर केलास तर याद राख."

"येतो. सातलाच येतो."

"आणि शनिवारचा अल्बम?"

 "दुसऱ्याकडे दिला, ताई. आज सकाळी. पुढचेही..."

"बरं केलंस." खरंच बरं केलं. त्याच्या जागी मी असते तर दीड वर्षापूर्वीच दिला असता. फोन ठेवायला हवा होता, पण तोंडातून निघूनच गेलं. "मग आता सहाला फोन कशाचा करशील?"

साठी उलटलेल्या बाईने असं विचारू नये. आवाजही फाटला माझा. पलीकडे त्याच्या दुकानात कुणीतरी त्याला हाका मारत होतं, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"ताई, किती झाले, किती राहिले, हे विचारून मला काय करायचं होतं?" तो म्हणाला. "सगळे मलाच पुन्हा करायचे होते."

मला हे कळायला जरा वेळ लागला. मग मी म्हटलं, "मग उद्या कर," आणि घाईघाईने काच दाबली, कारण मला रडताना कुणी ऐकलेलं चालत नाही.